शून्य नंबरची डिस्क

रुग्णालयाच्या कॉम्प्युटर विभागातल्या सगळ्या किल्ल्या काकूंकडे होत्या, सर्व्हरच्या खोलीची सोडून. ती साहेबांनी नऊ वर्षांपूर्वी काढून घेतली होती. कारणही तसंच होतं. सर्व्हरला दोन डिस्क. एकीवर लिहिलेलं दुसरीवर आपोआप उमटतं, म्हणजे एक गेली तरी दुसरी निभावून नेते. तेव्हा एक गेली आणि काकूंनी नेमकी धडधाकट असलेलीच उपसली. सर्व्हरच्या पेटीवरचे स्टिकर एकपासून, सॉफ्टवेअर मोजतं शून्यापासून, म्हणजे सॉफ्टवेअरची एक ती स्टिकरची दोन, एवढीच मेख! पण रिपोर्ट दोन दिवस अडकले. तेव्हापासून डिस्क बदलायला बाहेरचा इंजिनीअर यायचा आणि काकू दारात उभ्या राहून डोळ्यांत तेल घालून पाहायच्या.

परवा सकाळी पुन्हा एक डिस्क मेली. इंजिनीअर पाय मोडून घरी पडलेला. साहेबांनी नाइलाजाने दार उघडलं आणि किल्ली परत खिशात घातली.

"सॉफ्टवेअर म्हणतंय एक नंबर गेली," त्यांनी एकच्या स्टिकरकडे बोट दाखवलं. "काढा ही."

पेटी तीच, चूकही तीच. काकूंना मनातून हसू आलं.

"थांबा जरा."

त्यांनी सॉफ्टवेअरमधून शून्य नंबरची, म्हणजे चांगली डिस्क नुसती वाचत राहायला लावली. एकच्या स्टिकरखालचा दिवा लुकलुकायला लागला. दोनचा ठिम्म.

"स्टिकर खोटं बोलेल साहेब, दिवा नाही. मेलीय ती ही दुसरी."

साहेबांचं बोट हळूच खाली आलं.

नवी डिस्क बसली, सगळं तिच्यावर उतरायला लागलं. दुपारी शंभर टक्के झाले तसे साहेब "सुटलो" म्हणत उठले.

"बसा," काकू म्हणाल्या. "मशीन एकट्या हिच्यावर उठतं का, ते कुठे पाहिलंय? सुरू होण्यापुरता भाग आपोआप उतरत नाही, वेगळा लिहावा लागतो. मी लिहिलाय. आता बघूच."

"चाललंय ना? कशाला विषाची परीक्षा?"

"आज मी आहे, तुम्ही आहात, जेवणाच्या सुटीत काउंटर बंद आहेत. पुढच्या वेळी यातलं काय असेल?"

साहेब बसले. काकूंनी मशीन बंद केलं, चांगली असलेली जुनी डिस्क बाहेर काढून टेबलावर ठेवली आणि बटण दाबलं.

पडदा काळा. नऊ वर्षांपूर्वी होता तसाच. साहेब कपाळ चोळायला लागले.

मग एक ओळ आली. मग दुसरी. मग ओळींची रांगच लागली आणि शेवटी मशीनने पासवर्ड मागितला. काकूंना रडू फुटलं, आणि त्याची त्यांना जराही लाज वाटली नाही.

जुनी डिस्क पुन्हा जागेवर गेली, दोघींची जोडी जुळली, काउंटर उघडले, पहिला रिपोर्ट छापून बाहेर आला. काकूंनी पेटीवरचे स्टिकर नखाने खरवडून काढले आणि जाड पेनाने लिहिलं: शून्य, एक. साहेबांनी कुलूप लावलं. सवयीने हात खिशाकडे गेला, तिथेच थांबला, मग काकूंच्या पुढे आला.

संध्याकाळी घरी नवऱ्याने जुडगा पाहिला. "ही नवी किल्ली कुठली?"

"नवी नाही," काकू म्हणाल्या. "माझीच आहे."