आबांची ओवी आणि चार पाट्या

संगणकातली जागा वाचवण्याच्या नादात मी एकदा आमचे आबा पुसून टाकले.

म्हणजे माझे आजोबा तेव्हा ओसरीवर तंबाखूच मळत होते. पुसली गेली ती त्यांची ओवी. तरुणपणी मेंढरांमागं हिंडताना म्हटलेली ती ओवी त्यांनी माझ्या माइकसमोर एकदाच म्हटली होती. "पुन्यांदा न्हाई. आता तुझं डबडंच गाईल," असं बजावून!

ओवी प्रत्येकाला आपापल्या फोल्डरमध्ये हवी. दादांना, आईला, भावाला, शिवाय दौंडच्या आत्याला. (आत्या यायची दिवाळीला, पण फोल्डर हवंच!) डिस्क एवढीशी. मी शिरूरच्या क्लासात नुकतीच शिकलेली सिंबॉलिक लिंक वापरली.

"म्हंजी काय?" दादांनी, माझ्या वडिलांनी, विचारलं.

"रस्त्यावर दौंडची पाटी असते ना, तशी. पाटी म्हणजे दौंड नव्हे, पण बाणामागं गेलं की दौंड येतं. पाटीला जागा कितीशी लागते?"

"हुशार हाय पोरगी!" दादा म्हणाले, आणि मी तरंगायलाच लागले.

एका दुपारी मी ओवी लावून बसले होते. पंखा घरघरत होता. डोळे मिटले की घोडनदीपलीकडचा माळ दिसायचा, त्यावर ढग आणि मेंढरं, कोण कुठलं ते कळू नये अशी. त्या गुंगीत डिस्क भरल्याची सूचना आली. बघते तर एकच ओवी पाच ठिकाणी! केवढी ही उधळपट्टी! मी माझी, म्हणजे नेमकी मूळची, उडवली. चार होत्या की! आणि चालू असलेली ओवी शेवटपर्यंत वाजतही राहिली, त्यामुळे मी निर्धास्त झोपले.

दिवाळीत आत्या सासूबाईंना घेऊन आली. आपल्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, गळ्याची कीर्ती तिनं सासरी केव्हाच पसरवली होती. ऐटीत तिनं आपलं फोल्डर उघडायला लावलं. काहीच वाजेना. दादांचं उघडलं, मुकं! आईचं, भावाचं, तेही मुकं!

"अगं, चार जागी हाय म्हनत हुतीस न्हवं?" आत्या रडकुंडीला आली.

"पाट्या आहेत," मी पुटपुटले. "दौंडच राहिलं नाही."

"आता गं बया!" सासूबाई दचकल्या. "मंग आमी जायाचं कुठं?"

हसू कुणालाच आलं नाही. आबांचा आवाज मी कायमचा घालवला होता आणि मला नुसतं भडभडून येत होतं.

तेवढ्यात ओसरीवरून ओवी ऐकू आली. गळा थोडा फाटलेला, पण माळ तोच, ढग तेच. आम्ही सगळे दारात जाऊन उभे राहिलो. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

ओवी संपल्यावर आबा म्हणाले, "त्या डबड्यात काय हुडकताय? मी हितं हाय की!"

पुढं मला क्लासचं प्रमाणपत्र मिळालं. मी मोठ्या हौसेनं खिळा शोधायला लागले, तर दादा म्हणाले, "थांब जरा. आधी बघू दे, डोस्क्यात काय हाय का ही बी नुसती पाटीच!"