न विचारता गाठलेलं बेट

हसायचं असेल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मागे हा किस्सा सांगताना आमच्या शेजाऱ्यांनी माझ्या धुतल्या शर्टावर चहा उडवलाय. आणि यातलं गाढव कोण, ते शोधत बसू नका. मीच आहे.

तर आमची नलू, म्हणजे माझी बायको, मुरबाडच्या एस.टी. स्टँडवर चौकशी खिडकीत होती. वर्षानुवर्षं! सकाळी खिडकी उघडली की सुरू. "बाई, कल्याण गाडी कधी?" "ताई, आळेफाटा लागली का?" "मावशी, टोकावड्याची गेली का?" फळ्यावर ठळक अक्षरात वेळ लिहिलेली असते, त्या फळ्याला टेकून माणूस विचारतो, "मॅडम, टाइम काय?"

ती निवृत्त झाली. वाटलं, सुटली. कुठली सुटते! भाजी घ्यायला गेली की भाजीवाली विचारते, "ताई, शहापूर गाडी मिळेल का आता?" एका लग्नात अक्षता टाकता टाकता मागून कुणीतरी खांद्यावर टकटक केलं, "वैनी, शेवटची गाडी किती वाजता?" त्या दिवशी घरी येऊन ती पलंगावर बसली आणि म्हणाली, "अहो, मला काही नको. साडी नको, दागिना नको. दोन दिवस मला अशा ठिकाणी न्या, जिथे कुणी मला काहीही विचारणार नाही. चारी बाजूंनी पाणी पाहिजे, म्हणजे विचारायला कुणी येणारच नाही."

बोलताना तिचे डोळे भरले होते हो. इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

आता मी कोण? मुरबाडात झेरॉक्सचं दुकान आहे माझं. अख्ख्या तालुक्याचे ऑनलाइन फॉर्म मी भरतो. म्हटलं, एक बेट शोधायचं ना? हातचा मळ!

बसलो शोधायला. अंदमान झालं, लक्षद्वीप झालं, खाली मालवणपर्यंत जाऊन आलो, सगळं बोटावर. पण काय सांगू! "निवांत बेट" असं लिहिलेल्या फोटोत एका पोहण्याच्या तलावात चाळीस माणसं. "इथे कुणीच येत नाही," असं एक पोरगा व्हिडिओत सांगत होता, आणि त्याच्या मागे भेळेची गाडी! गर्दीपासून दूर असलेल्या जागांची यादी जो उठतो तो वाचतो आणि तिथेच जातो, मग गर्दी होणार नाही तर काय होणार?

आणि एका संध्याकाळी सापडलं. तेही कुठे? आमच्याच शेजारच्या शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या अंगाला! धरण झालं तेव्हा खालची गावं पाण्यात गेली आणि टेकड्यांचे माथे तेवढे वर राहिले. त्यातल्या एका टेकडीवर कुणी स्थानिक माणसाने राहायची सोय केली होती. घरगुती जेवण, शांत मुक्काम. फोन लावला. मालक म्हणाला, "चार वाजता काठावर या, आमची होडी येईल." धरण कुठलं, ते मी सांगणार नाही. विचारूही नका.

दिवाळीनंतरची गोष्ट. भातं कापून झाली होती. मुरबाडहून शहापूर, तिथून जीप, मग पायवाट. मी इतका उतावळा, की आम्ही दोनलाच काठावर! एक होडी लागलेली होती. एक म्हातारबाबा तिच्यात मीठ, गोडेतेल असा बाजार ठेवत होते. कमरेला पंचा, डोक्याला फडकं.

मी म्हटलं, वा, आपल्याआधीच हजर! तडक होडीत बॅग ठेवली. म्हटलं, "चला!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, नलूकडे पाहिलं आणि म्हणाले, "बसा, बसा. पाय जपून ठेवा गो बाय."

नलू माझ्या कानाशी आली. "अहो, विचारा तरी, हीच होडी का ती?"

आणि इथे मी ते ऐतिहासिक वाक्य बोललो. म्हणालो, "नलू, तुझी चौकशी खिडकी आता बंद कर! सगळं ठरलेलं आहे."

ती होडीत बसली. लक्षात ठेवा हे वाक्य.

टेकडीवर दोनच घरं, त्यातलं एक कुलूपबंद. दुसऱ्याच्या अंगणात आजी आणि सून वाल सोलत होत्या. आम्हाला पाहून दोघी उठल्या. पाय धुवायला पाणी आलं, प्यायला तांब्या आला. मी मनात म्हटलं, सर्व्हिस चांगली आहे.

"रूम दाखवा," मी म्हणालो.

सुनेने आजीकडे पाहिलं. आजीने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "दाखव ना गो."

आतली एकुलती एक खोली दाखवली. मी गादी दाबून पाहिली. हो, दाबून पाहिली! "चादर जरा स्वच्छ घाला," असंही म्हणालो. सुनेने कोपऱ्यातली पेटी उघडली आणि घडीची नवीकोरी गोधडी काढून अंथरली. मी मान हलवली. म्हटलं, ठीक.

"जेवायला काय?"

"तुमी काय खाल?" आजी.

"गावठी कोंबडी होईल का?"

सुनेने परसातल्या खुराड्याकडे पाहिलं. मग आजी म्हणाली, "व्हईल ना. का नाय व्हनार?" आणि परसात गेली. "चहा पाचला," मी मागून ओरडलो. आठवलं की अजून कानशिलं तापतात.

पाचला चहा घेऊन मी बाबांना म्हटलं, "पाण्यातून फेरी असेल ना?" बाबा तेव्हा जाळं टाकायला निघाले होते. त्यांनी जाळं परत खुंटीला अडकवलं आणि म्हणाले, "चला की."

आता थट्टा जरा बाजूला ठेवतो. त्या फेरीत जे पाहिलं, ते मला नीट सांगताच येणार नाही. पाणी इतकं स्तब्ध होतं, की डोंगर वर कुठे संपतो आणि खाली कुठे सुरू होतो ते कळेना. एक पाणकावळा पंख पसरून बुडालेल्या झाडाच्या शेंड्यावर बसला होता. बाबांनी वल्हं उचलून धरलं. त्याच्या टोकावरून थेंब पडत होते, तेवढाच आवाज.

"इथं खाली आमची खाचरं," ते हळूच म्हणाले. "माझा बाप इथं नांगर धरायचा. मी बांधावर बसून भाकर खायचो. आता वरून होडी हाकतो."

मी खाली वाकून पाहिलं. नुसतं हिरवं, खोल पाणी. अख्खं शेत खाली निजलं होतं आणि आम्ही त्याच्यावर तरंगत होतो. नलूने हात पाण्यात सोडला होता. ती रडत होती की हसत होती, मला सांगता येत नाही, पण तिचा तो चेहरा मी चौकशी खिडकीत कधी पाहिला नव्हता.

आणि खरंच, तिला कुणी काही विचारलंच नाही! नाव नाही, गाव नाही, मुलंबाळं किती, तेही नाही. ती आजीशेजारी बसून वाल सोलत होती आणि दोघी मुकाट होत्या. मी तर भारावून गेलो. म्हटलं, काय ट्रेनिंग दिलंय या लोकांनी स्टाफला!

दिवेलागणीला तांदळाच्या भाकऱ्या आणि कोंबडीचा रस्सा जेवत होतो, तर लांबच्या एका टेकडीवर रंगीत दिवे लागले आणि स्पीकरचा दणदणाट पाण्यावरून यायला लागला. मी नलूला म्हटलं, "बघ! न बघता बुकिंग केलं की असं होतं. कोण मूर्ख तिथे जाऊन पडले असतील!"

सकाळी निघताना मी बाबांना म्हणालो, "बिल करा."

"कसला बिल?"

"अहो, राहिलो, जेवलो, त्याचं."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग सुनेला म्हणाले, "गो, हे तुझ्या म्हायेरचे नाय?"

सून म्हणाली, "माझ्या? मला वाटला तुमच्या वळखीचे! हक्काने होडीत बसून आले ना!"

आजीने तोंडाला पदर लावला. "आगो, मी समजले आपल्या पोराच्या कंपनीतला सायेब हाय. खोली काय बघतो, गादी काय दाबतो!"

पायाखालची टेकडी पाण्यात जाईल तर बरं, असं मला झालं. मी कसाबसा म्हणालो, "पण बाबा, तुम्ही विचारलं का नाही, कोण म्हणून?"

बाबांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "दारात आल्या पावन्याला इचारतात का, कोन तुमी? आधी पानी, मग जेवन. त्याला सांगावासा वाटला तर सांगल तो आपसूक. नाय सांगला तर नाय. आमचा काय आडतंय?"

मी परसाकडे पाहिलं. खुराडं रिकामं होतं. "एकच होती का कोंबडी?" सून म्हणाली, "आसू दे ओ. अंडी काय, परत येतील." पैशाला कुणी हात लावला नाही. उलट आजीने नलूच्या पिशवीत वाल भरले. मी फक्त एवढंच म्हणू शकलो, "मुरबाडला आलात की आमच्याकडे या." पत्ता एका कागदावर लिहून दिला.

काठावर फोनला रेंज आली आणि तो वाजायला लागला. खरा मालक! "साहेब, होतात कुठे? खोली ठेवली होती तुमची! काल वाढदिवसाची पार्टी होती, रंगीत लायटिंग, स्पीकर! तुम्ही पण नाचला असतात!"

नलूने ते ऐकलं. जीप येईपर्यंत ती हसत होती.

इथे किस्सा संपला असता तर किती बरं झालं असतं!

माघातली दुपार. मी नुकताच जेवून लवंडलो होतो. बेल वाजली. चष्मा नाही, अर्धी झोप, जाळीच्या दारापलीकडे एक पांढरी टोपी आणि एक नऊवारी. म्हटलं, आले फॉर्मवाले! मी आतूनच सुरू झालो.

"कोण? काय काम आहे? कुठून आलात? दुकान चारला उघडतं. आधार आणलंय का? फोटो किती आहेत?"

मग एक ओळखीचा आवाज हळूच म्हणाला, "आसू दे, निजू दे त्यांना. आमी मागून येतू."

मी ताडकन उठलो, पण नलू माझ्याआधी पोचली होती. तिने दार सताड उघडलं. एक शब्द विचारला नाही. आजीच्या हातातलं गाठोडं घेतलं, बाबांच्या पुढे तांब्या ठेवला. मग मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तिची पाळी कधीतरी येणार होतीच.

"अहो," ती म्हणाली, "तुमची चौकशी खिडकी आता बंद करा, आणि कोंबडी घेऊन या."