दोरी हलकी लागली

२६ जानेवारी २००१ ला आमची इंजिनिअर कंपनी गुजरातेतल्या एका छावणीत होती. मी हवालदार सुरेश तावडे, सेक्शन कमांडर. परेड आठला सुरू झाली होती. ०८४६ ला जमीन हलली. झेंड्याचा खांब डोलला, पाण्याची टाकी फुटली, पण जवान सावधानमध्येच उभे राहिले, कारण कुणी विश्रामचा हुकूम दिला नव्हता. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. ज्याने कधी हुकूम पाळला नाही त्याला त्यातली गंमत फार कळते.

दुपारी साडेबाराला गाड्या निघाल्या. रस्ता फाटलेला, खाडीवरच्या पुलाला तडे. दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही कच्छमधल्या भचाऊला पोचलो. नकाशात गाव होतं. समोर दगडमातीचे ढीग होते, आणि प्रत्येक ढिगावर एक-दोन माणसं बसलेली होती.

यंदाच्या सव्वीस जानेवारीला हे सगळं मी घाटकोपरला आमच्या सोसायटीत सांगितलं. मी तिथे एकटा राहतो. मूलबाळ नाही, बायको सहा वर्षांपूर्वी गेली. सोसायटीत निम्मी घरं कच्छी आहेत. सेक्रेटरी जिग्नेशभाई म्हणाले, "तावडेकाका, भूकंपाचं दोन शब्द बोला ना. पाच मिनिटं, हां. मग नाश्ता आहे." मी चार मिनिटं बोललो. ढिगाऱ्यातून एक बाई जिवंत काढल्याचं सांगितलं. टाळ्या झाल्या. एका म्हातारबाबांनी माझे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

कारण सांगितलं ते अर्धं होतं. उरलेलं आता लिहितो.

माझ्या सेक्शनमध्ये नाईक पास्कल डिमेलो होता. मरोळच्या गावठाणातला, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतला मूळचा मराठी ख्रिस्ती. मी घाटकोपरच्या चाळीतला, बाप गिरणीत, मूळ कणकवलीकडचे. बटालियनमध्ये मुंबईचे आम्ही दोघेच, त्यामुळे तो मला तावड्या म्हणायचा आणि मी त्याला पास्क्या. साहेबलोक समोर नसले की रँक गेली खड्ड्यात. रजेवर आलो की मी आधी त्याच्या घरी जायचो. त्याची आई, रोझमावशी, बाटलीत भरून ठेवलेल्या घरच्या मसाल्याचं, बाटली मसाल्याचं मटण आणि फुगे करायची. फुगे म्हणजे तळलेले गोल पाव. पास्कल म्हणायचा, "आय, याला कमी वाढ. हा माझ्या वाटणीचं खातो."

ढिगाऱ्यात शिरायची आमची एक पद्धत होती. आत जाणाऱ्याच्या छातीला दोरी. दुसरं टोक बाहेरच्या एकाच माणसाच्या हातात. आत गेलं की आवाज नीट पोचत नाही, म्हणून दोरीला झटके द्यायचे. एक झटका म्हणजे थांब. दोन म्हणजे ओढ. तीन म्हणजे अवजार पाठव. नियम दोनच. आतल्याने दोरी सोडायची नाही. बाहेरच्याने ती दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही.

पास्कल आत आणि मी बाहेर, असं आम्ही ट्रेनिंगमध्ये शेकडो वेळा केलं होतं. तो बहात्तर किलोचा. ते वजन माझ्या हातांना पाठ होतं. डोळे बांधून ओढायला सांगितलं असतं तरी दोरीला पास्कल आहे की दुसरा कोणी, हे मी सांगितलं असतं.

२८ तारीख. सकाळी साडेनऊला शिट्टी झाली. शिट्टी झाली की सगळी यंत्रं बंद, सगळे गप्प, दोन मिनिटं फक्त ऐकायचं. एका पडलेल्या घराखालून टकटक आली. आधी वाटलं, भास आहे. पुन्हा आली. मी रेडिओ घेतला.

"ब्राव्हो, यहाँ एक ज़िंदा है. औरत. ओव्हर."

"कितना टाइम? ओव्हर."

"एक घंटा. ओव्हर."

"जल्दी करो. झटके आ रहे हैं. आउट."

तिरप्या स्लॅबखाली अडीच फुटांची वाट होती. पास्कल जॅक घेऊन आत गेला. बाईचा पाय बीमखाली अडकला होता. तिचा सासरा माझ्याजवळ उभा होता. तो माझ्या हातातल्या दोरीकडे बघत होता. पास्कल मध्येच ओरडायचा, मला अर्धंमुर्धं ऐकू यायचं. एकदा म्हणाला, "तावड्या, पाय सुटला रे!" ते मात्र स्पष्ट ऐकू आलं. तेव्हा १०३८ झाले होते.

१०४० ला जमीन पुन्हा हलली.

दोरीला दोन झटके आले. ओढ. मी ओढायला लागलो. पहिल्या हाताला समजलं नाही. दुसऱ्या हाताला समजलं. दोरी हलकी होती. पास्कल नव्हता तिला. त्याने छातीची दोरी सोडून बाईला बांधली होती.

मी थांबलो. एक श्वास, जास्त नाही. मग मी ओढत राहिलो.

बाई बाहेर आली. सासऱ्याने तिला उचललं. मी दोरी सोडवून परत आत टाकली आणि ओरडलो, "पास्क्या, पकड!" त्याच वेळी स्लॅब बसली. आवाज फार मोठा नव्हता, जुनं कपाट आडवं व्हावं तेवढा. दोरीचं टोक माझ्या हातात होतं. मी ते दोन तास सोडलं नाही. शेवटी सुभेदारसाहेबांनी माझी बोटं एकेक करून उघडली.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला विचारलं, "दोरीला नाईक डिमेलो नाहीत हे तुम्हाला कधी समजलं?" मी सांगितलं, "बाई बाहेर आल्यावर, सर." रोझमावशीलाही तेच सांगितलं. फौजेतल्या अख्ख्या नोकरीत मी खोटं बोललो ते एवढंच. पण त्या एका खोट्यावर मी पंचवीस वर्षं तिच्या घरी जेवलो.

दर २८ जानेवारीला तिच्या चर्चमध्ये पास्कलच्या नावाची मिस्सा असते. मी जातो. मग तिच्या घरी जेवतो. बायको गेल्यापासून वर्षात मला कोणी नावाने हाक मारून जेवायला बसवतं ते त्या एका दिवशी. खरं सांगितलं आणि तिने दार लावलं तर तोही दिवस गेला, ही भीती होती. भीती हा शब्द फौजी माणसाने लिहू नये म्हणतात. मी लिहितो.

यंदा टाळ्या ऐकल्यावर मात्र राहवलं नाही. अठ्ठावीसला सकाळी मेट्रोने मरोळ नाक्याला उतरलो. मिस्सा झाली. घरी आलो. मावशी आता पंचाहत्तरच्या पुढे आहे, पण चूल कुणाच्या हाती देत नाही. फुगे तळत होती. मी उभ्यानेच सांगितलं. दोन झटके, दुसऱ्या हाताला हलकी लागलेली दोरी, थांबलेला एक श्वास, सगळं.

"मला माहीत होतं मावशी, की तो दोरीला नाही. तरी मी ओढली. आणि तुला खोटं सांगितलं."

तिने गॅस बंद केला. कढईतला शेवटचा फुगा काढला. मग स्टुलावर बसली. मी टोपी हातात घेतली, निघायच्या तयारीने.

"बस तू," ती म्हणाली. "पास्कल धा वर्षांचा व्हता. आपल्या विहिरीत मांजराचा पिल्लू पडला. यो पोऱ्या कमरेला दोरी बांधून उतरला. मीच वर दोरी धरलेली. तो ओरडला, आय, खेच. मी खेचली."

ती आपल्या तळहातांकडे बघत होती.

"हलकी लागली?" मी विचारलं.

"हलकी लागली. मना समजला, पोऱ्या नाय दोरीला. जीव असा तोंडात आला बघ. वाटला, सोडून देऊ नि उडी मारू. पन खेचली. वर काय आयला? त्याच्या बनियनमदी बांधलेला पिल्लू. नि खाली यो दात काढून हसते."

"मग?"

"मंग काय? दोरी परत टाकली. तो वर आयला. दोन थोबाडीत दिल्या त्याला." मग तिने विचारलं, "तू टाकलेली परत?"

"टाकली मावशी. लगेच टाकली. हाकही मारली."

"नि त्यानं धरली नाय."

"नाही."

तेव्हा ती रडली. इतक्या वर्षांत माझ्यासमोर पहिल्यांदाच. मीही रडलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि दरडावून म्हणाली, "पंचवीस वरसा एकटाच घेऊन फिरलास? येडा कुठला. मी पन एकटीच बसलेली ना हिकडं. आदी बोलला असतास तर दोगांनी मिळून रडलो असतो."

जेवण झाल्यावर ती मला गावठाणातल्या त्या विहिरीवर घेऊन गेली. आता तिच्यावर लोखंडी जाळी आहे आणि आजूबाजूला स्कूटर लावलेल्या असतात. शेजारच्या क्रुसापाशी तिने मेणबत्ती लावली. दुसरी माझ्या हातात दिली.

नाईक पास्कल डिमेलो, वय एकोणतीस. २८ जानेवारी २००१, सकाळी १०४१, भचाऊ. मृतदेह बाहेर काढला १४१०. हात वाटेच्या दिशेने पुढे केलेले होते. मी टाकलेली दोरी त्या हातांपासून चार फुटांवर पडली होती. हे चार फूट मी कुठल्याही रिपोर्टमध्ये लिहिलेले नाहीत. त्या दिवशी विहिरीवर मावशीला सांगितले.

ती जाळीतून खाली पाण्याकडे बघत राहिली. मग माझ्या दंडाला धरून म्हणाली, "चल घरी. त्याच्या वाटनीचं राहिलं हाय, ते खा."