माझा रंग काळवंडला तेव्हा

१९५६ साली आमचं बुऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात गेलं, त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझा रंग काळवंडायला लागला. मी अठरा वर्षांची होते. आधी बोटांची पेरं काळी पडली, मग तळहातावरच्या रेषा, मग हिरड्यासुद्धा.

माझ्या लग्नाचं बघणं चालू होतं, म्हणून आई हबकली. इतवाऱ्याच्या बाजारातून मुलतानी माती आणून ती रोज माझे हात घासायची.

"उन्हात हुंदडतेस, दुसरं काय!"

उन्हात जायची ताकदच माझ्यात नव्हती. जिना चढले की डोळ्यांपुढं अंधारी यायची. जेवण नको वाटायचं, मीठ मात्र चिमटीनं खावंसं वाटायचं. आई हातावर चापट मारायची आणि म्हणायची, "कामाच्या वेळीच बरी चक्कर येते तुला!"

रावेरहून पाहुणे मला बघायला आले, त्या दिवशी सकाळपासून मला उलट्या होत होत्या. तरी आईनं हातात पोह्यांचा ट्रे दिला. "आज नाटकं नकोत, बाई," एवढंच म्हणाली. बैठकीच्या उंबऱ्यापाशी मी ट्रेसकट कोसळले.

गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. राजधानी आता भोपाळला होती, पण बाबांना भरवसा जुन्या राजधानीचा, नागपूरचाच. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी माझे तळहात उजेडात धरले आणि आईला जवळ बोलावलं.

"मेंदूच्या खाली हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते," ते म्हणाले. "ती रक्तातून निरोप धाडते. पेप्टाइड म्हणतात त्याला. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. त्यांच्या पेशींना तो निरोप पोचला, की त्या हार्मोन सोडतात. त्यावर माणूस उभा राहतो. हार्मोन पुरेसं झालं, की वरचा निरोप कमी होतो. हिच्या त्या पेशीच क्षयानं मेल्यात. उत्तर येत नाही, म्हणून वरून निरोप वाढतच चाललाय. कातडी काळी होते ती त्यानंच."

"मग उन्हानं नाही?" आईनं विचारलं.

"नाही हो. आणि मीठ मागायची ते शरीराची गरज म्हणून."

आई माझ्या खाटेच्या कडेला बसली. माझा हात तिनं हातात घेतला. घासून घासून साल निघालेल्या पेरांवर बोट ठेवलं आणि पदरात तोंड खुपसलं.

क्षयावरचं औषध आणि त्या हार्मोनच्या, म्हणजे कॉर्टिझोनच्या, गोळ्या सुरू झाल्या. मी उठून बसले, चालू लागले, पुढं लालबागेतल्या शाळेत शिकवायलाही लागले. रंगही बराच निवळला. आई मात्र बदलली ती बदललीच. मला आधी वाढायची, माझ्या हातातला झाडू काढून घ्यायची, घरी आलेल्या पाहुणीशी बोलावं तशी जपून बोलायची. भावाला सणसणीत बोलणी बसायची आणि मी शेजारी बसून चोरट्यासारखी जेवायचे. तिची ही दशा माझ्या आजारानं केली, असं मला वाटायचं.

एकदा माझ्यासमोर दूध उतू गेलं.

"लक्ष कुठंय तुझं?" आई ओरडली, आणि लगेच तिनं तोंडावर हात दाबला. डोळे भरून आले.

"आई, रागाव ना," मी म्हणाले. "दूध माझ्यामुळंच गेलं. थोडं तरी रागाव."

तिनं नाही म्हणून मान हलवली, फडकं घेतलं आणि ओटा पुसायच्या आधी खाली बसून माझ्या पायांवर उडालेलं दूध पुसू लागली. मला ते बघवेना. मी दुसरं फडकं घेऊन तिच्याशेजारी बसले.