आजीला परत आणायला मॉरिशसला गेले, त्याची हकीकत

बाबांनी जायचं एक आणि परतीची दोन तिकिटं काढली, तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही सहल नाही, ड्युटी आहे.

आमचं गाव साखरखेर्डा. मी चिखलीला ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. माझी आत्या मॉरिशसला असते. अकोल्याला शेतकी शिकायला आलेल्या तिथल्या एका मराठी मुलाशी तिने लग्न केलं, त्यावरून घरात झालेला तमाशा आता जुना झाला. दोन वर्षांपूर्वी तिचं ऑपरेशन झालं, म्हणून आजी तीन महिन्यांसाठी मदतीला गेली आणि तिकडेच राहिली. कागदपत्रांचं जावयांनी पाहिलं. गावात मात्र लोक बाबांना विचारायचे, "काऊन हो, म्हातारी लेकीकडेच राह्यते का आता?" हा प्रश्न बाबांना जेवताना दाताखाली आलेल्या खड्यासारखा लागायचा.

दिवाळीच्या सुट्टीत मी रिकामी होते. घरात पासपोर्टही माझाच होता. जालना स्टेशनवर सोडायला आले तेव्हा बाबा म्हणाले, "गोड बोलून आण मायले. नाहीच आली तं रडून दाखव. लेकीच्या दारी म्हातारपण काढणं बरं दिसत नाही."

"अन् तरीही नाही आली तं?"

"येते. माझी माय हाय ते," असं म्हणून ते गाडी वळवायला गेले.

आता जायचं असणाऱ्यांसाठी कामाचं. जालन्याहून सकाळच्या गाडीने मुंबई, तिथून विमानाने साधारण सहा तास. भारतीयांना व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो. परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता हातात ठेवा. बी-बियाणं मात्र अजिबात नेऊ नका. आजीने फोनवर अंबाडीचं बी मागितलं होतं, ते मी भोळेपणाने एका पिशवीत बांधून नेलं. कस्टमच्या बाईने ते हसतमुखाने काढून घेतलं. मग जवसाच्या चटणीचा डबा उघडून हुंगला, तिला ठसका लागला आणि तिने डबा तसाच परत केला.

बाहेर आत्या आणि मामाजी उभे होते. मामाजी म्हणजे आत्याचे यजमान. त्यांचे पूर्वज उसाच्या मळ्यात काम करायला कोकणातून गेलेले. घरात क्रिओल, म्हणजे तिथली फ्रेंच वळणाची बोली बोलतात, मराठी शाळेत शिकले, म्हणून त्यांचं मराठी थेट पाठ्यपुस्तकातून येतं. "आपला प्रवास सुखकर झाला काय?" त्यांनी विचारलं. माझी बॅग हरवता हरवता राहिली होती, पण अशा मराठीला "नाही" म्हणायची हिंमत होत नाही.

आत्याचं घर पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक-अँ-फ्लाकजवळच्या एका गावात आहे. आजी व्हरांड्यात खुर्चीवर बसली होती. मला वाटलं, मिठी मारेल. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"एवढीशी झाली. माय जेवू घालत नाही का तुले? अंबाडीचं बी कुठी हाय?"

बी सरकारजमा झाल्याचं कळल्यावर ती संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मामाजींनी सुट्टी घेतली आणि आम्हाला फिरवायला काढलं. आधी क्युरपिप नावाचं गाव, डोंगराळ भागात. खाली किनाऱ्यावर घाम आणि इथे स्वेटर, वर बारीक पाऊस. तिथे जुन्या ज्वालामुखीचं विवर आहे. गोल, खोल, आत झाडी आणि तळाशी थोडं पाणी. मामाजी अभिमानाने म्हणाले, "हे आमचे प्रसिद्ध विवर होय."

आता आजीचं माहेर सुलतानपूर. लोणारच्या सरोवराशेजारी वाढलेल्या बाईला तुम्ही विवर दाखवताय. तिने गाडीची काच खाली केली, बसल्या जागेवरून एकदा पाहिलं आणि काच वर केली.

"रांजण हाय," ती म्हणाली. "आमच्या लोणारात असे चाळीस बसतीन."

मामाजींना "रांजण" कळला नाही. मी भूगोलाची मास्तरीण असल्यामुळे मध्ये पडले आणि लोणार उल्कापाताने झालं, हे लाव्ह्याने, दोन्हींची तुलना होत नाही, वगैरे सांगितलं. माझं कोणीच ऐकलं नाही.

मग ग्रां बासँ. इथले लोक त्याला गंगातलाव म्हणतात. तलावाकाठी देवळं आणि वाटेत महादेवाचा आभाळाला टेकेल एवढा पुतळा. आजीने गाडीतूनच हात जोडले. "उतरत नाही का?" मी विचारलं. "त्याले दिसते मी इथून," ती म्हणाली. "एवढा उंच उभा हाय तो."

दुपारी रस्त्याकडेच्या गाडीवर दालपुरी खाल्ली. डाळ भरलेली पातळ मऊ पोळी, दोन-दोनची जोडी, आत घेवड्याची उसळ आणि तिखट चटणी. आपली पुरणपोळी गूळ विसरून आली आहे असं समजा. आपल्या साठेक रुपयांत पोट भरतं. हॉटेलात जाल तर त्याच पैशात पाणी मिळेल.

तिसऱ्या दिवशी शामारेल. सात रंगांच्या मातीच्या टेकड्या, लाल, तपकिरी, जांभळट, आणि भोवती कुंपण. खरंच सुंदर आहेत. आजीला तिकीट काढून माती पाहायची ही कल्पनाच पटली नाही. "आमची काळी माती लोक फुकट तुडवतात," ती म्हणाली. पण कुरकुर करत ती गाडीतून उतरली, आणि तेव्हा मी पहिल्यांदा तिचे गुडघे नीट पाहिले. एका हाताने काठी, दुसऱ्या हाताने माझा खांदा, आणि प्रत्येक पावलाला श्वास रोखलेला. लाकडी कठड्यापर्यंत पोहोचायला तिला इतका वेळ लागला की आमच्या मागचं एक अख्खं पर्यटक कुटुंब फोटो काढून परतही गेलं. गावी ती पलंगापासून ओट्यापर्यंत भिंतीला धरून जायची. तिच्या हाताचा काळपट पट्टा अजून त्या भिंतीवर आहे. मला वाटलं, झालं. परक्या मुलखात हिला काय ठेवायचं? बाबांचंच बरोबर आहे.

त्या संध्याकाळी जेवताना मी विषय काढला. बाबांचं म्हणणं सांगितलं, थोडं साखरेत घोळून.

आत्याने हातातला घास खाली ठेवला. "दादाले वाटते मी आईले डांबून ठेवलं. हो ना? सरळ सांग."

"तसं नाही म्हणाले ते."

"मले माहीत हाय तो काय म्हणते ते."

मामाजी ताटाकडे बघत म्हणाले, "वाद नको. भोजन थंड होत आहे."

आजीने आणखी भात मागितला, तो शांतपणे संपवला आणि हात धुवायच्या आधी मला म्हणाली, "उद्या सकाळी लवकर उठजो. तुले एक दाखवतो." (आमच्याकडे बायकाही 'दाखवतो, जातो' म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.)

सकाळी ती दारात उभी होती. अंगात मामाजींची जुनी निळी ट्रॅकपँट, वर लांब बाह्यांचा टी-शर्ट, पायात रबरी बूट. आयुष्यभर नऊवारीशिवाय न दिसलेली माझी आजी. मी तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "हसजो मंग. आधी गाडीत बस."

आत्याने आम्हाला किनाऱ्यावर सोडलं. सुरूची झाडं, खाली पांढरी वाळू. प्रवाळभित्ती मी फळ्यावर कितीदा तरी काढली होती, पण ती काय करते ते त्या दिवशी पाहिलं. दूर पांढऱ्या रेषेवर लाटा फुटतात आणि अलीकडचं पाणी आपल्या तलावासारखं निवांत पडून असतं. काठावर एक दणकट म्हातारी आजीची वाट बघत होती. तिचं नाव रोझीन, शेजारच्या गल्लीत राहते. ती फक्त क्रिओल बोलते, आजी फक्त वऱ्हाडी.

"झेनू?" रोझीनने आजीच्या गुडघ्याकडे बोट करून विचारलं.

"झेनू कोरेक," आजी म्हणाली. म्हणजे गुडघा ठीक आहे. एवढं क्रिओल तिला येतं, आणि तिच्या मते पुरतं.

रोझीनच्या दंडाला धरून आजी पाण्यात उतरली. गुडघा, कंबर, छाती. मग तिने हात सोडला आणि चालू लागली. कशालाही न धरता. किनाऱ्याला समांतर, हाताने पाणी मागे सारत, सरळ पाठीने, दूरच्या होडीपर्यंत आणि परत. रोझीन तिच्या बाजूने क्रिओलमध्ये काहीतरी सांगत होती, आजी वऱ्हाडीत तिला सुनेबद्दल, म्हणजे माझ्या आईबद्दल सांगत होती, आणि दोघी अगदी योग्य जागी माना हलवत होत्या.

मी काठावर बसले. आजीला अशी चालताना शेवटचं कधी पाहिलं, हे मला आठवेना. (जाणार असाल तर रबरी बूट न्या. तळाशी साळिंदरासारखे काटेरी समुद्री जीव असतात.)

बाहेर आल्यावर मी विचारलं, "घरी काऊन सांगितलं नाही?"

"काय सांगू? का तुह्या बापाची माय जावयाची पँट घालून समुद्रात फिरते?" ती टॉवेलने पाय पुसत होती. "पाण्यात वजन नसते मले. तिकडं मी बाजेवरची बुढी हाय. इथं सकाळी तासभर तरी चालतो मी."

"बाबांना दाखवू?"

तिने टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. "उद्या दाखव," म्हणाली.

दुसऱ्या सकाळी मी व्हिडिओ कॉल लावला. भारत तिथून दीड तास पुढे. बाबा शेतात होते. त्यांना पाण्यावर फक्त एक डोकं दिसलं.

"अरे, माय बुडून राह्यली का?"

"चालून राह्यली. पाहा."

आजी वळली आणि आमच्याकडे चालत आली, छातीभर पाण्यातून, मग कंबरभर. पाणी कमी झालं तशी ट्रॅकपँट दिसली.

"हे काय घातलं?"

"जावयाची हाय," आजी म्हणाली. "रोज धुऊन देतो मी."

फोन कट झाला. पुढचे दोन दिवस बाबांनी माझा, आत्याचा, कोणाचाच फोन उचलला नाही.

परतीच्या आदल्या दुपारी मी आजीच्या खोलीत गेले, तर पलंगावर तिची पिशवी भरलेली. नऊवारी घड्या घालून, वर देवाचा डबा. ती काठी घेऊन बाजूला बसली होती.

"येतो मी," ती म्हणाली. "त्याले राग आला. आता जास्त ताणण्यात अर्थ नाही. लेकराच्या मनाविरुद्ध किती राहू?"

ज्या कामाला मला पाठवलं होतं ते असं आपोआप झालं होतं. रडायचीही गरज पडली नव्हती. मी पलंगावर बसले, देवाचा डबा खिडकीत ठेवला आणि एकेक लुगडं काढून पुन्हा कपाटात लावायला लागले.

"काय करून राह्यली?"

"तुम्ही येत नाही."

"तुह्या बापाले काय सांगशीन?"

"आजीले येणं नव्हतं, असं सांगतो."

"तो तुह्यावर चिडीन, पिंकी."

"चिडू द्या."

दारात आत्या उभी होती. तिने आत येऊन दुसऱ्या बाजूने घड्या घालायला घेतल्या. आजीने काठीचं टोक कपाटाकडे रोखलं. मग म्हणाली, "हिरवं लुगडं वरच्या कप्प्यात नाही, खालच्या." आम्ही ते खाली ठेवलं.

विमानात माझ्या शेजारची सीट रिकामी होती. मी त्यावर पाय घेऊन झोपले, आणि झोपेतही बाबांना काय सांगायचं याचा सराव करत राहिले.

जालन्याला बाबा आले होते. त्यांनी माझ्या मागे पाहिलं, मग माझी बॅग उचलली. सिंदखेडराजाला गाडी थांबवली. तिथे टपरीवर चहा घेतला. कप अर्धा झाल्यावर त्यांनी विचारलं, "पाणी गार असते का तिथलं?"

"नाही. कोमट."

"हं," म्हणाले आणि उरलेला चहा फेकून दिला. घरी आईने विचारलं तर तिला एवढंच म्हणाले, "तिचे गुडघे तिकडं बरे हायेत."

कॉलेज सुरू झालं. लोक विचारतात मॉरिशस कसं आहे, तर मी निळं पाणी, सात रंगांची माती आणि दालपुरी सांगते. समुद्राचे फोटो दाखवते. आजीचा एकही दाखवत नाही, तिने बजावून ठेवलंय. बी काढून घेतल्याचं दुःखही तिला अजून आहे. दर फोनला ती एकदा तरी ते काढतेच.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी मी डबा घेऊन शेतात गेले. कांद्याचे पांढरे गोंडे फुलले होते, मधमाशांचा आवाज होता, बाबा दिसेनात. विहिरीजवळ फवारणीच्या पाण्याचा सिमेंटचा लांबट हौद आहे, तिकडून पाण्याचा आवाज आला. बाबा कपड्यांनिशी हौदात उभे होते. पाणी छातीपर्यंत. ते या टोकाकडून त्या टोकाला चालत होते, सावकाश, हात पाण्यात सोडून.

मी डबा कठड्यावर ठेवला. त्यांना मी दिसले, तरी ते थांबले नाहीत.

"पाहून राह्यलो," ते म्हणाले, "खरं बोलते का माय."

"तुमचेही दुखतात का गुडघे?"

टोकाला पोहोचले, वळले, परत आले.

"नाही दुखत पाण्यात," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "राहू दे तिले तिथं."

मी चपला काढून कठड्यावर बसले आणि पाय पाण्यात सोडले. चांगलंच गार होतं.

"आपल्या उन्हाळ्यात तिकडं काय असते?" त्यांनी विचारलं.

"हिवाळा. पण बोचरा नाही."

"पासपोर्टले किती दिवस लागतात?"

"महिनाभर धरा."

"मंग कांद्याचं बी काढून झालं की पाहू," म्हणाले, आणि आणखी एक फेरी मारायला वळले.