मागल्या दाराचा पास

मुंबईतल्या त्या जुन्या हॉटेलाचा इतिहास कुणी विचारला तर मला फक्त मागल्या दाराचा सांगता येईल. पुढचा दिवाणखाना मी इतक्या वर्षांत एकदाच पाहिला, तोही सासूच्या पाठीमागं उभी राहून. बाकी सगळा जन्म मागल्या अंगणात, मोरीपाशी, खवल्यांत गेला.

खाडीपलीकडच्या आमच्या दिवाळे गावाहून होडी भरती बघून सुटायची. भाऊच्या धक्क्याला उतरायचं, डोक्यावर पाटी घ्यायची आणि कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, त्या दगडी इमारतीपर्यंत चालत सुटायचं. पाटीत जिताडे, कोलंबी आणि सुतळीनं बांधलेल्या जित्या चिंबोऱ्या. पाटीतलं पाणी मानेवरनं ओघळत पाठीत जायचं. मी नवी सून होते तेव्हा रडायचेसुद्धा. सासू पुढं चालायची आणि मागं न बघता म्हणायची, चल गं बाय, हॉटेल काय आपल्याकडं चालत येनार नाय.

मी लग्न होऊन आले तेव्हा गोरे साहेब नुकतेच देश सोडून गेले होते. हॉटेल तेच, पण आतले लोक बदलत होते. दारूबंदी आली, बार बंद झाला, त्याची लाकडी कपाटं कितीतरी दिवस आमच्या अंगणात भिजत पडली होती. जिथं साहेब-मडमा नाचायच्या तिथं शेटजींच्या मुलींची लग्नं लागायला लागली. लग्नाच्या दिवशी मासळी नको म्हणायचे, आणि आम्ही भरली पाटी घेऊन उभ्या. मुख्य आचारी गोव्याचा होता, भला माणूस. तो जिताड्याचं गालफड उघडून कल्ले बघायचा, मान हलवायचा, की झालं. बारा-चौदा वर्षांत घासाघीस म्हणून नाही.

आमच्यात गिऱ्हाईक शेतासारखं असतं. सासूकडून सुनेकडं येतं. आणि ज्या बाईनं ते पहिल्यांदा जोडलं, तिच्याच नावानं ती पाटी पुढं ओळखली जाते. हॉटेलाची पाटी माझ्या आजेसासूची. मी तिला पाहिलंही नाही, मी यायच्या आधीच ती गेली. पण गावात कुणीही विचारलं की आम्ही तिचंच नाव सांगायचो.

मग हॉटेलाला कसलीशी मोठी वर्षं भरली. त्यांनी इतिहासाचं पुस्तक काढायचं ठरवलं, आणि सोबत नवा नियमही. जुन्या लोकांची यादी होणार, यादीतल्यांनाच मागल्या दाराचा पास, बाकीच्यांनी आपला माल कंत्राटदाराला द्यायचा. कंत्राटदार म्हणजे आमचं मरणच. तो धक्क्यावरच अडवून पडेल भाव द्यायचा. आमची चूल त्या एका दारावर होती.

एक कारकून वही घेऊन अंगणात आला. त्यानं सासूला विचारलं, ही पाटी कोणाची, कधीपासून? सासूनं सरळ सांगितलं आपल्या सासूचं नाव, आणि हॉटेल उभं राहिलं तेव्हापासून. खोटं नव्हतं ते. कारकुनानं लिहून घेतलं. त्याला वाटलं समोर बसलीय तीच ही. मी तिथंच कोलंबी निवडत होते. मला चौथीपर्यंत शाळा होती, पण माझ्याही डोक्यात काही आलं नाही.

समारंभाला आम्हां दोघींना बोलावलं. सासूनं अंगावर होतं नव्हतं ते सोनं घातलं, अबोलीची वेणी माळली. आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या दारानं जायचं होतं. होडीत सगळ्या बायांना सांगत होती, आज साहेब माझं नाव घेनार. तिला आयुष्यभर कुणी नावानं हाक मारली नव्हती. लग्नाआधी पोर, नंतर अमक्याची सून, तमक्याची आई, आणि हॉटेलात नुसती मच्छीवाली. एवढी खुशीत मी तिला कधी पाहिली नव्हती.

हॉटेलाच्या मोठ्या साहेबानं कागदावरनं नाव वाचलं. आजेसासूचं. सासू उठेना. मी तिला हळूच ढोसलं, तेव्हा ती चालत गेली आणि मानाचं लुगडं आणि पास घेतला. साहेब हसून म्हणाला, एवढी वर्षं मासळी आणतात, पण वाटत नाहीत हं तेवढ्या म्हाताऱ्या. सगळे हसले. तीही हसली. मला मात्र भडभडून आलं.

परतताना होडीत कुणीतरी विचारलं, घेतलं का नाव? तिनं पास दाखवला. त्या बायांत वाचता येणार कुणाला? ते लुगडं तिनं पेटीत टाकलं आणि कधी नेसली नाही. मला एकदाच म्हणाली, मेलेल्या बाईचं नाव हाय तिथं, माझं कुठंच नाय. त्याच पासावर ती पुढं सात-आठ वर्षं आत गेली. मग कंबर धरली, खाटेला खिळली, आणि पास माझ्याकडं आला. दारवान ओळखीचा होता, तो कागद बघायचाही नाही.

साठ सालानंतर कधीतरी मालक बदलले. दारवान गेला, आचारी गोव्याला परतला. पास नवे करून घ्या असा हुकूम सुटला. त्या सकाळी निघताना मनाशी ठरवलं होतं, आज सासूचं नाव लिहायचं. बास झालं. तिनं एवढी मान मोडली, एकदा तरी ते नाव त्या वहीत पडू दे. दोन तास रांगेत उभी राहिले. माझ्या पुढच्या अंडीवाल्याचं नाव जुन्या यादीत सापडेना, कारकुनानं त्याला कंत्राटदाराकडं पाठवलं. मग मान खाली ठेवूनच मला विचारलं, नाव? घरी दोन पोरं होती. मी आजेसासूचं नाव सांगितलं. त्यानं शिक्का मारला.

स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नाही.

घरी पोचले तेव्हा सासू दाराकडं डोळे लावून पडली होती. तिनं विचारलं, "कुनाचं नाव लिवलंस?"

"तुमचं," मी म्हटलं. म्हटलं, निदान घरात तरी असू दे.

ती ताडकन कोपरावर उठली. कंबरेचंही भान नाही. "येडी का खुली तू? माझं नाव त्यांच्या वहीत हाय का? उद्या दारावर अडवतील, मंग पोरांना काय घालशील?"

मी घाबरून सांगून टाकलं की खोटं बोलले, आजेसासूचंच लिहिलंय, शिक्का पडलाय.

"मंग बरं केलंस," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. त्या दिवशी ती जेवली नाही.