प्रस्तावना कापणारे चाचा

कवितासंग्रह हातात आला की जिल्दवाले चाचा आधी त्याची प्रस्तावना कापत. दारव्ह्याच्या बाजारपेठेत त्यांचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं, त्यामुळे सुरी कायम हाताशी. मलपृष्ठावरची स्तुती, कवीचा परिचय, ऋणनिर्देश, सगळं सरसर बाजूला पडे. "प्रस्तावना म्हंजे नवरदेवाच्या मामानं केलेली तारीफ," ते म्हणत. "मले पोरगा पाह्याचा आहे, मामा कायले?" उरलेलं पुस्तक ते दुकानाच्या दारात उभ्यानेच वाचत. बसून वाचावं असं त्यात क्वचितच काही असतं, असं त्यांचं मत होतं.

गावातल्या एका साप्ताहिकात कापसाच्या भावाशेजारी त्यांचं परीक्षण छापून येई, तीन-चार ओळींचं. 'संग्रहात दर दुसऱ्या पानावर पाऊस पडतो. कवीने आपला पत्ता कळवावा, आमच्याकडे सोयाबीन वाळत आहे.' किंवा, 'या कवितांत तुरीला पांढरी फुले येतात. कवीने एकदा शेतात जाऊन यावे.' कवी चिडत. पुस्तकं शिवणाऱ्याला कवितेतलं काय कळतं, असं यवतमाळपर्यंत बोललं जाई. चाचांच्या कानावर ते गेलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बाजूले कापसाचा भाव असते ना, तो तरी खरा असते."

चिडणाऱ्यांत मीही होतो. मी इथल्या कॉलेजात मराठी शिकवतो आणि परीक्षणंही लिहितो, म्हणजे तेव्हा लिहीत असे. आमच्या जिल्ह्यात एक कॉम्प्युटर आणि एक खोली असली की प्रकाशन संस्था उभी राहते. कवी पदरच्या पैशाने पुस्तक छापतो, प्रकाशनाला शाल-श्रीफळ आणतो, मी त्याच्यावर बोलतो आणि माझ्या वेळी तो माझ्यावर बोलतो. 'अस्वस्थ वर्तमानाचा दस्तऐवज' हे शब्द मी निदान पंधरा पुस्तकांना चिकटवले असतील. त्यातली निम्मी मी पूर्ण वाचली नव्हती. आम्ही सगळे एकमेकांना मोठे कवी म्हणत होतो आणि कोणालाच त्याची लाज वाटत नव्हती.

तरीही मी चाचांच्या दुकानात जाऊन बसे, कारण मला एक गोष्ट ठाऊक होती. फळीवर वरच्या बाजूला हिरव्या कापडात बांधलेलं एक जाड पुस्तक असे. एखाद्या संग्रहात एक जरी कविता खरी निघाली, तर चाचा तेवढं पान कापून त्या पुस्तकात लावत. तलाठ्याच्या रजिस्टरात नंतर येणाऱ्या पानांसाठी बोटभर रुंदीच्या कागदी पट्ट्या शिवून ठेवतात, तशा पट्ट्या त्यांनी त्यात शिवल्या होत्या. पान आलं की पट्टीला डिंकाने चिकटवायचं. बाकीचा संग्रह शाळांच्या हजेरीपुस्तकांचे पुठ्ठे जाड करायला जाई. तीस वर्षांत त्या पुस्तकात साठेक पानं जमली होती. माझं एक पान तिथे लागावं, असं मला फार वाटे. एवढं मला कोणत्या पुरस्काराचंही वाटलं नाही.

मग कळंबच्या एका हेडमास्तरांचा संग्रह आला. त्यात काही कविता पुन्हा जशाच्या तशा येत होत्या. मी परीक्षणात लिहिलं, 'पुनरावृत्तीतून कवी आवर्ताची व्याकुळता साधतो.' हेडमास्तरांनी मला आभाराचं पत्र पाठवलं. आपल्याला हेच साधायचं होतं, असं त्यात होतं. ते मी चाचांना वाचून दाखवलं. चाचांनी ते पुस्तक माझ्यासमोर ठेवलं आणि शिवणीवर बोट ठेवलं.

"प्रोफेसर, हा फर्मा दोनदा शिवला आहे. बाइंडर चुकला. सोळा पानं डबल आली आन् सोळा गायब झाली."

मी पानांचे आकडे पाहिले. बत्तीसनंतर पुन्हा सतरा सुरू होत होतं.

"गायब झालेली पानं तुले कुठी खटकली नाही का?"

"नाही."

"लिहिणाऱ्यालेही नाही खटकली," चाचा म्हणाले. "मंग ती लिहिली काहून त्यानं?"

पुढच्या वर्षी माझा स्वतःचा संग्रह निघाला. प्रस्तावना चौदा पानांची, विद्यापीठातल्या एका मोठ्या सरांकडून दोन वर्षं पाठपुरावा करून मिळवलेली. चाचांनी ती कापली आणि माझ्या हातात दिली. "हे घरी ने, तुह्या कामाचं आहे." मी वाट पाहिली. साप्ताहिकाचे चार अंक आले, माझ्यावर एक ओळ नाही. शेवटी मीच विचारायला गेलो.

"महानगरातली एकाकी रात्र, असं लिहिलं तू," ते पुठ्ठ्याला खळ लावत म्हणाले. "तू तं नागपूरलेही रात्री थांबत नाही. शेवटच्या गाडीनं वापस येतो. तुह्या बापाचं पिठाच्या चक्कीचं दुकान होतं, मी तिथून दळण आणलं आहे. त्या चक्कीचा आवाज एका तरी पानात दाखव मले."

मला राग आला. हा माणूस खळ ढवळता ढवळता मला कविता शिकवतो, असं वाटलं. मी दोन वर्षं त्या रस्त्याने गेलो नाही. बाजारात चाचा समोरून आले तर मी दुसऱ्या दुकानात शिरे. शरम होती, तिला मी राग म्हणत होतो.

मागच्या हिवाळ्यात चाचा गेले. दफनाला मी गेलो आणि मागे उभा राहिलो. महिन्याभराने त्यांच्या मुलीने फोन करून दुकानात बोलावलं आणि ते हिरवं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. "अब्बा म्हणत होते, हे प्रोफेसरले द्या. त्याले अजून काम आहे यात."

मी घरी येऊन ते पहिल्यापासून वाचलं. अनोळखी माणसांच्या कविता, काहींची नावं मी कधी ऐकली नव्हती आणि त्यातली एकही कविता मला ओलांडून जाता येईना. माझी त्यात नव्हती. शेवटच्या पानाच्या आधी एक पट्टी मोकळी होती, बोटभर रुंद, आणि तिच्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात माझं नाव लिहिलेलं होतं.

परीक्षणं मी बंद केली आहेत. तेव्हापासून चक्कीवर सात कविता लिहिल्या. डिंकाची बाटली टेबलावरच असते. अजून एकीलाही डिंक लावायची हिंमत झालेली नाही.